उशिराला वरची मर्यादा

स्कूटर सरळ येत होती असं म्हटलं, तर तो स्कूटरवर उपकार होईल. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे… आणि दर खेपेला आधीपेक्षा थोडी जास्तच. तारापूरच्या मांगेलआळीमागे वाळूवर बांबूच्या वलांड्या उभ्या होत्या, त्यांच्यावर बोंबील सुकायला टांगले होते आणि हंसा मुलांचे गणिताचे पेपर तपासता तपासता कावळे हाकलत बसली होती. कावळ्यांचा बंदोबस्त तिला चांगला जमायचा. स्कूटरचा बंदोबस्त करायला मात्र तिला सवडच मिळाली नाही.

धाडकन एक वलांडी आडवी झाली. तिच्याखालून एक चष्मा बाहेर आला, मग चष्म्याचा मालक. उंच, सडपातळ, कानावर एक बोंबील.

"लागलं का?" हंसाने विचारलं.

"नाही." त्याने कानावरचा बोंबील हळूच काढून बघितला. "हे तुमचे… सुकत घातलेले होते का?"

"होते," हंसा म्हणाली. "तुम्ही हँडल उशिरा वळवता. उशीर झाला म्हणून मग घाबरून जास्त वळवता. मग दुसऱ्या बाजूला जाता. असंच चालत राहिलं तर माणूस वलांडीवरच यायचा."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? पालघरच्या कॉलेजात गणित शिकवते मी."

"माझी पीएचडी चाललीय यावर," तो अगदी पडेल चेहऱ्याने म्हणाला.

"स्कूटरवर?"

"डोलण्यावर."

हंसाला हसू आवरेना. ओढणी तोंडावर धरली तरी खांदे हलायचे ते हललेच, आणि ते बघून त्यालाही हसू फुटलं. तेवढ्यात हंसाची आई, नलूबाई, आवाज ऐकून घरातून आली. तिने आडवी वलांडी बघितली, स्कूटर बघितली, लेकीचं हसणंही बघून घेतलं.

"पडली ती पडली," ती त्या पाहुण्याला म्हणाली. "आता टांगू लागा. जबड्यात जबडा अडकवायचा, जोडी करायची. एकटा बोंबील वाऱ्यानं टिकत नाय."

त्याचं नाव रामनाथ. मूळचा नाशिककडचा. त्याच्या घरी मासळीचं नावसुद्धा कोणी काढत नसे. पण त्या दुपारी त्याने नाक न मुरडता एकूण एक बोंबील जोडीने टांगला आणि नलूबाईने त्याचं नाव ठेवलं 'स्कूटरवाला'.

तो बोईसरला रंगाच्या एका कारखान्यात इंजिनियर होता. तिथे एका मोठ्या भांड्यात रंग शिजायचा, आणि भांडं तापलंय किती हे सांगणारा थर्मामीटर होता लांब, पाइपाच्या पार टोकाला. त्यामुळे तो सांगायचा ती बातमी शिळी असायची. कामगार बघायचा, भांडं गार आहे. ते तापवायला तो वाफ सोडायचा. काटा हलत नाही म्हणून आणखी सोडायचा. मग सगळी वाफ एकदम पोचायची, रंग करपायचा, आणि वाफ बंद केली की सगळं थंडगार. बातमी यायला किती उशीर झाला तर चालेल आणि तोवर वाफेचा व्हॉल्व्ह किती फिरवावा, हाच रामनाथच्या पीएचडीचा प्रश्न होता. आणि तो त्यात वर्षभर अडकून पडला होता.

योगायोग असा, की हंसाही त्याच जातीच्या समीकरणांवर मुंबई विद्यापीठात संशोधन करत होती. फक्त तिच्या समीकरणांत भांडं नव्हतं, वाफ नव्हती, आणि आजवर रामनाथही नव्हता.

पुढच्या रविवारी तो आला. मग दर रविवारी येऊ लागला. ओहोटीला वाळू घट्ट आणि ओली असायची, तीच त्यांची पाटी. तो बांबूच्या काडीने लिही, ती पायाच्या अंगठ्याने खोडी. भरती यायच्या आत सिद्धता संपवायची, असा त्यांनी नियमच केला होता. अर्धी राहिली तर समुद्र पुसून टाकी आणि पुढच्या रविवारी पहिल्यापासून. सिद्धता मुद्दाम अर्धी राहते की काय, अशी शंका नलूबाईला दुसऱ्याच खेपेला आली होती. तेव्हापासून ती चहात आलं जरा जास्त घालायला लागली.

"तुम्ही इथे उशीर कायम तेवढाच धरलाय," एका रविवारी हंसा त्याच्या ओळीवर उभी राहून म्हणाली. "रंग घट्ट होत गेला की उशीर वाढणार नाही का?"

"वाढतो ना. तिथेच तर अडतंय."

"मग वाढू द्या. बदलू द्या हवा तसा. फक्त त्याला वरची मर्यादा पाहिजे. याहून जास्त उशीर कधीच नाही, एवढं कळलं तरी पुरतं." ती खाली बसली आणि भराभर लिहीत गेली. खारा वारा तिच्या बटा तोंडावर आणत होता, त्या ती मनगटाने मागे सारत होती आणि गालाला वाळू लागत होती. रामनाथ ओळी वाचत नव्हता.

"काय बघताय?"

"वाळू," तो म्हणाला.

"वाळू खाली आहे."

"थोडी वरही आहे…"

हंसाने गाल पुसला आणि पुढची ओळ चुकवली. सोपी बेरीज होती, कॉलेजातल्या मुलांनीही चुकवली नसती.

त्या दिवशी भरतीच्या आत सिद्धता पूर्ण झाली. वर्षभराची गाठ सुटली. आनंदाने काय करावं हे दोघांनाही कळेना, म्हणून दोघं नुसते पाण्याकडे बघत उभे राहिले. मग रामनाथने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हंसा… मी — म्हणजे आता प्रश्न सुटला, तर पुढच्या रविवारी यायला काही कारण उरत नाही. मला कारण पाहिजे. कायमचं. माझ्याशी लग्न कराल?"

तिचं काळीज इतक्या जोरात उडालं, की तिला वाटलं त्याला ऐकू गेलं. हो म्हणायचं होतं. पण गणितवालीची सवय, एकदा तपासल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही.

"विचार करून सांगते," ती म्हणाली.

"सावकाश," तो म्हणाला आणि स्कूटर डोलवत गेला.

विचार करायला हंसाला घराच्या पायरीपर्यंतच वेळ लागला. रविवार उजाडला तशी ती निळी साडी नेसून वलांडीपाशी जाऊन बसली. ओहोटी आली. वाळू घट्ट झाली. रामनाथ आला नाही.

दुसरा रविवार गेला. तिसराही. साडी निळीची पिवळी झाली आणि मग साधा ड्रेस. हंसाने तिच्या पद्धतीने सिद्धता मांडली. समजा, त्याचं माझ्यावर प्रेम आहे. प्रेम असेल तर तो येईल. तो आला नाही. म्हणजे… पुढची ओळ तिने मनातसुद्धा लिहिली नाही. कावळे बोंबील नेत होते आणि तिचं लक्ष नव्हतं. तिला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचा रागही येत होता.

"डहाणूची माणसं येतो म्हणतात," शनिवारी सकाळी नलूबाई म्हणाली. "पोरगा शिकलेला हाय, स्वतःची बोट हाय. उद्या येऊ दे का नको, आज सांग. आमी नाय म्हणायला बसलो नाय, हो म्हणायला पण नाय. त्या स्कूटरवाल्याचं काय ते बघ आधी."

"त्याचं काही नाही, आई. तो येत नाही."

"का येत नाय?"

का? हे हंसाने तपासलंच नव्हतं. 'प्रेम असेल तर तो येईल' ही ओळ तिने गृहीत धरली होती, जसा त्याने उशीर कायम तेवढाच धरला होता. वर्गात कोणी असं केलं असतं तर तिने लाल शाई ओतली असती. तिने चपला घातल्या आणि बोईसरची एसटी पकडली.

कारखान्याच्या फाटकावर तिने रामनाथचं नाव सांगितलं, तसं रखवालदाराने तिला खालून वर न्याहाळलं. मग आत वळून हाक दिली, "साहब, मैडम आयी हैं। बहुत ग़ुस्से में हैं।"

रामनाथ धावत आला. हातांना निळा रंग, चष्म्यावर निळा ठिपका, आणि चेहरा असा उजळलेला की हंसा रागवायला आली होती हे क्षणभर विसरली.

"आलात," तो म्हणाला.

"तुम्ही का नाही आलात?"

"तुम्ही विचार करत होतात ना. उत्तर यायला वेळ लागतो. उत्तर यायच्या आत मी पुन्हा पुन्हा धक्के दिले असते, तर सगळं डोलायला लागलं असतं. म्हणून एकदाच विचारायचं आणि थांबायचं. माझ्या पीएचडीचं दुसरं प्रकरणच आहे हे." मग त्याने कबूल केलं, "सोपं गेलं नाही. रविवारी खोलीला आतून कडी लावून बसत होतो."

एवढा शहाणा माणूस इतका वेडा कसा असतो, याचं हंसाला नवल वाटलं, आणि त्या वेडावर तिचा जीव किती जडलाय हेही त्याच घडीला लख्ख कळलं.

"तुमचा थर्मामीटर लांब आहे, उशिरा सांगतो. पण असतो की नाही जागेवर?"

"असतो."

"तुम्ही तर थर्मामीटरच काढून घरी घेऊन गेलात. मी उत्तर देणार कुणाला? कावळ्यांना?"

फाटकाशी रखवालदार उगाचच कुलूप पुसत होता.

"आणि उशिराला वरची मर्यादा पाहिजे," हंसा म्हणाली, "हे वाळूत बसून मीच सिद्ध करून दिलं होतं. आज ती मर्यादा संपली. उद्या डहाणूहून मला बघायला माणसं येतो म्हणतायत."

"मग…" त्याने विचारलं. "भांडं तापलंय, की निवलंय?"

"उतू गेलंय," हंसा म्हणाली. "त्याच दिवशी. पायरीवर पोचायच्या आत."

रामनाथने हात पुढे केला, त्यावरचा रंग बघून मागे घेतला. हंसाने तो तसाच धरला. तिच्या तळहातावर निळं उमटलं.

"मी घरी सांगितलंय," तो हळूच म्हणाला. "आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, बोंबील म्हणजे नेमकं काय असतं." मग एकदम, "हंसा, तू बसशील माझ्या स्कूटरवर?"

'तू' तिला फार गोड लागलं. "बसते. पण वळायचं कधी ते मी सांगणार."

चिंचणीच्या बाजूने तारापूरकडे जाताना ती मागे बसून त्याच्या खांद्यावर हात ठेवून होती. स्कूटर डावीकडे झुकणार असं वाटलं की बोटं जराशी दाबायची, बस. थोडंच, आणि वेळेवर. स्कूटर इतकी सरळ चालली की रामनाथ दोनदा मागे वळून बघायला गेला आणि दोन्ही वेळा ओरडा खाल्ला. हंसा मोठमोठ्याने हसत होती, रस्त्यावरची माणसं बघत होती, आणि तिला कशाची पर्वा नव्हती.

मांगेलआळीमागे वाळू लागली. सवयीने दोघांनी श्वास रोखला. पण वाटेतली वलांडी तिथे नव्हती. बोंबलांसकट उचलून कुणी तरी ती पार घराच्या भिंतीला नेऊन लावली होती, आणि मोकळ्या केलेल्या वाटेच्या टोकाशी नलूबाई कमरेवर हात ठेवून उभी होती.

"या," ती म्हणाली. "डहाणूला निरोप गेला. येऊ नका म्हणून."