ओल्या सारवणातली पावलं

खरं सांगते! अक्षर न् अक्षर खरं! खोटं निघालं तर माझे उरलेले चार दात आत्ता तुमच्या पुढ्यात गळू देत.

एकोणऐंशी साल. चैत्र. भर दुपार. भूत रातीच येतंय असं तुमाला कुणी सांगितलं?

गाव मुळशीतलं, मालेच्या पुढं, धरणाच्या पाण्याला लागून. नाव सांगत न्हाई. माणसं अजून जित्ती हायेत.

माझी नणंद चांगुणा तितं नर्सबाई म्हणून गेली. नवरा जाऊन पाच म्हैने झालेले. रडली न्हाई, बोलली न्हाई. भाकरीत मीठ हाय का न्हाई, तेबी तिला कळत नव्हतं.

दवाखान्याच्या साहेबानं बजावलेलं, "बाई, मुक्काम गावातच पायजे. पंधरा दिवसांत खोली बघा, न्हाईतर नोकरी दुसरीला जाईल."

पाच घरं हिंडली. नाव इचारायचे, मग आडनाव इचारायचे. आडनावापाशी आलं की समद्यांची खोली भरलेली निघायची. कुलपावर कोळ्याचं जाळं, अन् म्हणं आत भाडेकरू हाय!

सहावं घर गोजराबाईचं. एकटी म्हातारी. तिनं आडनाव इचारलंच न्हाई.

"सारवता येतंय का?" एवढंच.

"येतंय," चांगुणा म्हणाली.

थाप! दापोडीच्या चाळीत, फरशीवर वाढलेली पोर. शेणाला हात कवा लावला व्हता तिनं?

रविवारी दुपारी शेण कालवलं, दार उघडं टाकलं अन् बसली सारवायला.

दारापासनं.

हसा आता! आपण आतल्या भिंतीपासनं सुरू करतो. सारवत सारवत मागं सरतो अन् दारातनं भाईर पडतो. ही बया दारापासनं आत गेली अन् चुलीजवळच्या कोपऱ्यात अडकली. म्होरं समदी ओली जमीन. वाळंस्तवर बसणं आलं.

बसली.

भाईर गोजराबाईच्या कोंबड्या कलकलत व्हत्या.

त्या गप झाल्या…

धरणाचं पाणी काठाला चुबुक चुबुक करायचं. तेबी थांबलं…

अन् उंबऱ्याच्या आत… एक पाऊल उमटलं.

नुसतं पाऊल. वर माणूस न्हाई.

मग दुसरं. मग तिसरं. पाचीच्या पाची बोटं. सावकाश, घसरायचं भ्या असल्यावानी. पाऊल उमटलं की त्यात पाणी भरायचं. शेणाचं हिरवं पाणी न्हाई… निवळ. धरणातल्यावानी.

पावलं तिच्याकडं आली. हातभर अंतरावर थांबली.

चांगुणा वरडली न्हाई. तिला भ्या वाटंना. काहीच वाटंना.

"बसा," ती म्हणाली. "वाळंस्तवर जाता येणार न्हाई."

अन् भिंतीला टेकून थोडी सरकली. जागा दिली.

शेजारची जमीन… दबली.

घटकाभरानं पावलं उमटत उमटत परत गेली. उंबऱ्याभाईर. कोंबड्या पुन्हा कलकलल्या.

तवर गोजराबाई दारात. "अगं बया! दारापासनं सारवलंस व्हय? आता काय उडत भाईर येतीस?"

लई हसली. मग खाली नजर गेली. हसू जागीच मेलं.

म्हातारी खाली बसली अन् आपल्या हातानं एकेक पाऊल लिंपत सुटली. शेवटी इचारलं, "जातीस का आता, पोरी?"

"कुटं जाऊ, मावशी? खोली सुटली की नोकरी सुटली."

"मंग ऱ्हा."

ऱ्हायली. अकरा वरसं. गावातली समदी बाळंतपणं तिनंच केली. आडनाव इचारणाऱ्यांच्या घरातली सुदिक.

दर रविवारी आतनं भाईर, नीट सारवायची. फकस्त चुलीजवळ एका माणसाच्या बसण्यापुरती जागा कोरडी सोडायची.

गोजराबाईनं कवाच इचारलं न्हाई, का म्हणून.

आता माझे चार दात वाचवायचे, तर एक कबूल करते.

पावलं परत गेली, हे मी घातलं. तुमाला झोप लागावी म्हणून. आलेली पावलं चांगुणानं सांगितली. गेलेली तिनं कधी बघितलीच न्हाईत.

आता ती माझ्याकडंच ऱ्हाती. आमच्या घरात फरशी हाय. फरशीवर काय उमटत न्हाई.

पण भिंतीला टेकून बसली, की ती अजून… थोडी सरकते.

त्या बाजूला मी बसत न्हाई.