दोन बोटं उजवीकडे

जिन्याच्या दुसऱ्या वळणावर त्यांची गाठ पडली. तो गिटारचा ॲम्प छातीशी कवटाळून वर येत होता, ती चहाचा थर्मास घेऊन खाली निघाली होती, आणि जिना एकालाच पुरेल इतका अरुंद.

"सरकता का जरा?"

"तुम्हीच सरका. माझ्या हातात गरम चहा आहे."

"माझ्या हातात अठरा किलो आहेत हो!"

ती हसली आणि उलट्या पावली पायऱ्या चढत पार तिसऱ्या मजल्यापर्यंत मागे गेली. तिथे तिच्या मामांचा स्टुडिओ होता आणि ती तिथली रेकॉर्डिस्ट.

एका चित्रपटगीतात गिटारचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा त्याला मिळाला होता. आयुष्यातला पहिलाच. मामा म्हणाले, गिटार सरळ कॉम्प्युटरला जोड नि मोकळा हो. हा पठ्ठ्या ऐकेना. मग ॲम्प मागच्या खोलीत गाद्यांच्या मध्ये बसवला. तो वाजवत राहिला आणि ती गुडघ्यांवर बसून माइक ॲम्पच्या स्पीकरपुढे बोटबोट सरकवत राहिली. अगदी मध्यावर आवाज कानाला टोचायचा, कडेला नेला की उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा.

"अजून… अजून जरा… थांबा! तिथेच!"

तो इतका खुलून हसला की तिच्या हातून चिकटपट्टी पडली. तिने माइकच्या स्टँडच्या पायाशी लाल पट्टीची खूण केली. वेळ संपली होती. रेकॉर्डिंग उद्यावर गेलं.

आणि तो गेल्यावर, मनात काय आलं कोण जाणे, तिने स्टँड दोन बोटं डावीकडे सरकवला. पट्टीसकट! आवाज जमला की पाऊण तासात काम संपणार आणि ॲम्प जिना उतरणार, एवढंच तिला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी आवाज सापडला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दोघांनी शोधला मात्र मनापासून, चहाचे चार-चार कप रिचवत.

चौथ्या दिवशी मामा दारात उभे राहिले. "संगीतकारांचा फोन होता. चारपर्यंत जमलं नाही तर उद्या दुसरा गिटारवाला येतोय."

त्याचा चेहरा उतरला. तो घाईने ॲम्पशी वाकला, एक बटण फिरवलं, पुन्हा वाजवलं. तोच टोचरा आवाज. तो आपल्या बोटांकडे बघत राहिला.

"माझ्या हातातच नाही बहुतेक… सांगा त्यांना, बोलवा दुसऱ्याला."

ती चटकन पुढे आली.

"हाताला बोल लावू नका! मी… मी माइक सरकवला. पहिल्याच दिवशी."

"का?"

"तुम्ही जाऊ नये म्हणून!" ती एका दमात म्हणाली. लाजायला वेळच नव्हता. तिने स्टँड दोन बोटं उजवीकडे घेतला आणि धावत काचेपलीकडे जाऊन रेकॉर्डिंग सुरू केलं.

तो वाजवू लागला. तोच पहिल्या दिवसाचा आवाज, उबदार, भरलेला… चारला दहा कमी असताना तुकडा पुरा झाला.

ती मान खाली घालून बाहेर आली. "रागावलात?"

"कुठल्या तोंडाने रागावू? रोज निघताना मीही ॲम्पवरचं ट्रेबलचं, आवाज टोचरा करणारं बटण फिरवून ठेवायचो. आज गुपचूप जागेवर आणलं, तरी आवाज येईना… वाटलं, केलेलं भरतोय."

तिने झटकन मान वर केली. "म्हणजे तुम्हालाही…"

"'तुम्हाला' काय? आता 'तुला' म्हण."

"तुलाही?"

"जिन्यातल्या त्या थर्मासपासून."

"अरे, तो ॲम्प हलवा आता!" मामांची हाक आली. "उद्या बासरीवाले येतायत!"

"जड आहे हो, मामा. दोघं लागतील… आणि एका दिवसात काही उतरायचा नाही."

"आणताना एकटाच घेऊन आलास ना रे?"

"तेव्हा हलका होता, मामा."