समुद्राकडची खिडकी

“इकडं बघू नका!”

दर्पणचे रुचिताशी पहिले शब्द हे.

कंपनी सुटल्यावर ती सरावली नाक्यावर रिक्षाची वाट बघत त्याच्या दुकानाशी उभी होती. आत तो खिडकीच्या चौकटीचं वेल्डिंग करत होता. डोळ्यांत पाणी आलं तरी ती त्या निळ्या आगीकडे बघतच राहिली.

त्यानं तोंडावरची काच वर केली. “डोळे जळतील. काय पायजे?”

काहीच नको होतं. पण तोंडातून निघालं, “खिडकी.”

“माप?”

“चार विती रुंद. पाच उंच.”

“टेप नाय लावला?”

“टेप लावला की काम सुरू झाल्यासारखं वाटतं,” ती म्हणाली. “अजून… ठरलं नाय.”

तारापूरला तिचं घर समुद्राला लागून होतं. पण स्वयंपाकघराला त्या बाजूनं खिडकीच नव्हती. तिची आई येसूबाई जन्मभर त्या अंधारात रांधून गेली. समुद्र भिंतीपलीकडे, आणि तिला तो फक्त ऐकू यायचा. आई गेल्यापासून रुचिताच्या मनात खिडकी होती. पण छपराचे वासे त्याच भिंतीवर टेकलेले. भिंत बसली तर? म्हाताऱ्या बाबांना घेऊन जायचं कुठं?

मग ती रोज दुकानाशी थांबू लागली.

“आज भिंत फोडायची?” तो विचारायचा.

“उद्या.”

“उद्याची खिडकी लय चांगली. कधी गंजत नाय.”

एका रविवारी तो स्वतःच चौकट घेऊन तिच्या घरी आला. भिंतीला टेकवली, तर ही भलीमोठी!

“मी चार विती सांगितल्या होत्या!”

“चारच हायत.”

“कोणाच्या?”

त्यानं पंजा उघडून धरला. तिनं आपला त्यावर टेकवला. तिची बोटं त्याच्या शेवटच्या पेरापर्यंतही पोचेनात. हात मात्र कुणीच काढला नाही.

ओटीवरून बाबा खाकरले. “मापं झाली असतील तर चा घ्या.”

दर्पण भिंतीकडे बघत पुटपुटला, “तुमच्या वितीच्या खिडकीत एकच माणूस मावेल. मला… दोघांची करायची होती.”

तिचे कान तापले.

त्या दिवशी त्यानं भिंतीत वर खाच पाडून लोखंडी अँगल बसवला, छपराचा भार त्यावर घेतला. आठवडाभर सिमेंट सुकू दिलं. पुढच्या रविवारी, ऊन कलल्यावर, हातोडा तिच्या हातात दिला.

“पहिला घाव तुमी घाला.”

“भिंत बसली तर?”

“मी इथंच उभा हाय. बसली तर आधी माझ्यावर.”

तिनं डोळे घट्ट मिटले आणि घाव घातला. चुना पडला. दुसरा… तिसरा… वीट सुटून पलीकडे वाळूत पडली. छप्पर जागचं हललं नाही.

“आता बघ,” दर्पण म्हणाला. पहिल्यांदाच एकेरीत.

तिनं डोळे उघडले. समुद्र होता. एका विटेएवढाच, पण सोन्यासारखा. उजेडाची पट्टी ओट्यावर, आईच्या हंड्यावर, समोरच्या काळ्या भिंतीवर पडली होती. काजळीखाली भिंत हिरवी होती! इतक्या वर्षांत तिला ते ठाऊकच नव्हतं.

बाबा दारात आले. डोक्यावरची टोपी काढून तसेच उभे राहिले.

“येसू इथं बसायची,” ते हळूच म्हणाले. “बघ… बरोबर तिथंच ऊन पडलंय.”

लाटा तेवढ्या ऐकू येत होत्या, आणि आता दिसतही होत्या.

मग दर्पणनं विचारलं, “पुढं? किती मोठी फोडायची?”

रुचितानं हातोडा पुन्हा उचलला. या वेळी डोळे मिटले नाहीत.

“तुझ्या वितीनं,” ती म्हणाली.