मोडलेली जोड

लाइट काही आता येत नाही, पोरांनो. सरका जवळ. भुताची गोष्ट पाहिजे म्हणता, पण भूत मी पाहिलेलं नाही, हे आधीच सांगतो. हे मला जानरावनं सांगितलं. जानराव माझ्या सोबतीचा. त्याचा मुलगा नितेश अकोल्याला डाळमिलमध्ये आहे, जठारपेठेत दोन खोल्या आणि स्वयंपाकघर भाड्यानं घेऊन राहतो. तिथं घडलेलं हे, गेल्या वर्षीच्या सर्वपित्री अमावस्येला. रविवारची रात्र होती.

सुरुवात आदल्या सोमवारी झाली. नितेशची बायको माधवी एसटीनं अमरावतीला कपडे आणायला गेली. कपडे म्हणजे जुने, लोकांच्या अंगावरून उतरलेले. भांड्यांवर जुने कपडे घेत दारोदार फिरणाऱ्या बाया असतात ना, त्यातली एक सत्यभामा. तिच्याकडून माधवी निवडून न्यायची. कोणाची ठिपक्यांची नायलॉन साडी, कोणाचं फुग्याच्या बाह्यांचं पोलकं, कोणाचा मखमली ब्लाउज. धुवायची, इस्त्री करायची, आणि एका घरचं दुसऱ्या घरच्याला लावून अशी जोड बनवायची की जुन्या सिनेमातली नटीच उभी. एका खोलीत दोरी बांधली होती, तिच्यावर जोडी टांगायची, फोटो मोबाइलवर टाकायची. पोरी तुटून पडायच्या. त्या वेळी अमरावतीच्या रश्मी नावाच्या पोरीचं काम हाती होतं. नवरात्रात त्यांच्या मंडळाचा फॅशन शो होता.

सत्यभामेनं सगळी गाठोडी सोडली. एक मात्र पायानं मागं सारलं.

"थे काहून लपवून राहिली, मावशी?"

"लपवाले काय झालं? पितरपाख हाय, माय. हे मागून ने."

"पितरपाखात नवं कापड घेत नाहीत. हे तं जुनंच हाय!"

सत्यभामेनं गाठोडं पुन्हा मागं ओढलं. "एका बाईचं हाय. सासरच्यानं हाकललं, माहेरच्यानं ठेवलं नाही. एकटीच खोलीत मेली बिचारी. घरमालकानं देऊन टाकलं."

"धुतलं का झालं," माधवी म्हणाली, आणि गाठोडं उचललं.

आत एक आभाळी साडी होती, पांढऱ्या ठिपक्यांची. आणि एक पांढरं पोलकं, फुग्याच्या बाह्या, गळ्याला लेस. घरी येऊन माधवीनं ती जोड मोडली. साडीला मखमली ब्लाउज लावला, पोलक्याला मोहरी रंगाचा घागरा. छान दिसलं. झोपली.

सकाळी पाहते तर साडी आणि पोलकं एकाच हँगरला. घागरा खाली घडी करून ठेवलेला.

आता घरात तिसरं माणूस होतं, नितेशची बहीण चंदा. नवरा मारायचा म्हणून आदल्या दिवाळीत एका पिशवीनिशी आली, ती राहिली. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तिचं अंथरूण. भाऊ भोळा, पण घर माधवीचं. तिनं ठेवली तर राहणार, नाहीतर परत त्या नवऱ्याच्या हाताखाली. दुसरं दार नव्हतं पोरीला.

"चंदा, जोड कोणं बदलली?"

"मले काय मालूम, वैनी?"

"मंग काय घुशीनं बदलली?"

नितेश चहा पीत होता. म्हणाला, "घुशीले अक्कल दिसते बाप्पा. हे तुह्यापेक्षा मस्त दिसून राहिलं."

हसण्यावारी बोलला तो. पण माधवीच्या मनात ते काट्यासारखं राहिलं. तिनं जोड पुन्हा मोडली. सकाळी पुन्हा तेच! मग काय, संशयाला काय लागतं? चंदा मोबाइल घेऊन गच्चीवर का जाते? माझं काम इतकं निरखून का पाहते? रश्मीचा नंबर हिनं घेतला तर नसेल? कालपर्यंत जिच्या केसांना तेल लावून द्यायची, तिच्या साध्या हसण्यातही माधवीला काहीतरी दिसू लागलं.

तिनं कपड्यांच्या खोलीला कुलूप लावलं, चावी मंगळसूत्रात ओवली, आणि चावीवर हात ठेवून झोपली. सकाळी कुलूप उघडलं. जोड दोरीवर. आभाळी साडी, पांढरं पोलकं. चंदा चहा घेऊन मागं उभी होती. बघून म्हणाली, "किती चांगलं दिसते ना, वैनी."

झालं. तेवढंच पुरलं.

"दुसरी चावी बनवली तू! माह्याच घरात राहून माहाच धंदा बुडवून राहिली! जाय तुह्या घरी."

चंदानं चहा खाली ठेवला. "वैनी, भांडे घासीन, उपाशी ठेवा, पण तिथं नका धाडू. या वेळी थो मले जित्ती नाही ठेवणार."

नितेश ताटाकडं पाहत राहिला. रविवारी, अमावस्येच्या दिवशी, दुपार कलल्यावर चंदानं तीच पिशवी उचलली आणि मूर्तिजापूरकडच्या बसमध्ये बसली. तिचं सासर त्या रस्त्यावर, फाट्यावरून आत.

काय गं? लाइट आल्यावर सांगा म्हणते? आता ऐकायचं, बाई.

रात्र झाली. नितेश भिंतीकडं तोंड करून पडला होता. माधवी जागी. दहा वाजले असतील. बंद खोलीतून आवाज आला. दोरीवरून हँगर सरकल्याचा. कर्र... मग थांबला. पुन्हा, कर्र...

माधवीला रागच आला. पाहा, अजून हिची खोड जात नाही, म्हणून ती उठली. दारापर्यंत गेली. कुलपात चावी घातली.

आणि तिला आठवलं. चंदा तर गेली.

हात तसाच राहिला. आतला आवाजही थांबला... जणू आतलंही कोणी ऐकत होतं.

तिनं कुलूप काढलं, दार ढकललं. बटण दाबलं. लाइट लागला. न लागता तर बरं झालं असतं.

सगळे कपडे खाली पडलेले. दोरीवर एकच जोड. आभाळी साडी, पांढरं पोलकं. दाराकडं पाठ. खिडकी बंद. पंखा बंद. पण पोलकं सपाट नव्हतं. भरलेलं होतं. आत कोणी असावं तसं.

टक्.

बारीक आवाज. पुढच्या बाजूनं.

टक्...

माधवीनं जन्मभर ऐकलेला आवाज तो. पोलक्याचा हूक लागल्याचा.

टक्...

मग काही नाही. सगळे लागले होते. आता...

आता वळायचंच राहिलं होतं.

माधवी धावत येऊन नितेशवर आदळली. "अहो, उठा. चंदाले आणाले चाला. आत्ता!"

नितेशनं तिच्या तोंडाकडं पाहिलं. चंदाला फोन लावला. वाजत राहिला. कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. तसाच वाजला. दोघं गाडीवर बसले. वाटभर माधवीच्या कानात सत्यभामेचं ते ‘माहेरच्यानं ठेवलं नाही’ घुमत होतं, आणि ती एकच म्हणत होती, जित्ती राहू दे, जित्ती राहू दे.

फाट्यावर प्रवासी निवारा आहे. गाडीचा उजेड पडला, आणि बाकावर कोणी दिसलं. चंदाच. खांबाला टेकून झोपलेली, पिशवी मांडीवर. माधवीनं तिला हलवलं, छातीशी धरलं, दोघी रडल्या.

"गावात काहून नाही गेली, माय?"

"बसमधून उतरताना ड्रेसची बाही खिळ्याले अटकली, वैनी. खांद्यापासून फाटली. अशी उघड्या खांद्यानं सासरी कशी जाऊ? म्हटलं अंधार पडू दे. तं डोळाच लागला."

"घरी चाल. आता कुठं नाही जायचं तुले."

माधवीनं तिच्या खांद्यावर आपला पदर टाकायला मोबाइलचा उजेड धरला. नितेशही वाकून पाहू लागला. दोघं तसेच थांबले.

"काय झालं, वैनी?"

"कोणती बाही फाटली म्हणतं तू?"

"हेच ना. डावी."

डावी बाही शिवलेली होती. बारीक, सारख्या टाक्यांनी, खांद्यापासून खालपर्यंत. शेवटचा दोरा तोडायचा राहिला होता. दोऱ्याला सुई लोंबत होती.

वारा नव्हता. सुई हलत होती.