ताप आलेली गासडी

"ताई, चिमी पुन्हा तिथंच जाऊन झोपलीय!" सुमंगला धापा टाकत आली.

"कुठं?"

"त्याच गासडीवर! बाकीच्या एवढ्या गासड्या पडल्यात, पण बाईसाहेबांना तीच लागते!"

नाताळच्या सुटीत कावेरी आणि सुमंगला परभणीहून मार्तंडमामांकडे आल्या होत्या. मामा पाथरीजवळ शेतकऱ्यांच्या सोसायटीच्या कापूस कारखान्याचे मॅनेजर होते. तिथं सरकी काढून रुई वेगळी करत आणि प्रेसमध्ये दाबून तिच्या मोठमोठ्या गासड्या बांधत. मामांचं घर कारखान्याच्या आवारातच होतं. पलीकडच्या शेतातला पंडित कुंपणावरून उडी मारून रोज खेळायला येई. आत्ताही तो खिशात बोरं भरून आला होता.

"चुलीजवळची ऊब सोडून मांजर गुदामात कशाला जाईल?" कावेरी म्हणाली. "चला, बघू."

गुदामात गारठा होता. ताडपत्रीखाली गासड्यांची रांग होती आणि शेवटच्या गासडीवर चिमी मुटकुळं करून झोपली होती. कावेरीने चिमीला उचललं आणि खालच्या ताडपत्रीवर हात ठेवला.

"गरम आहे!"

"मांजर बसल्यावर गरमच हुनार की!" पंडित हसला.

"मग बाजूने बघू. तिथं काही ती बसली नव्हती." कावेरीने ताडपत्री वर करून गासडीच्या कुशीला हात लावला. मग शेजारच्या गासडीला लावला. शेजारची थंडगार होती. ही मात्र ताप आलेल्या कपाळासारखी लागत होती.

पंडितनेही हात लावला आणि त्याचं हसू मावळलं. "कावेरी, आमची कडब्याची गंज आशीच तापली व्हती. वल्ला कडबा रचला व्हता. उकरला तर आतून समदा काळा!"

"म्हणजे या गासडीत ओल आहे. ओलीत बारीक बुरशी वाढते, आणि ती वाढताना ऊब तयार होते. आतली रुई कुजायला लागली असणार."

"पन ह्या तर जपानला जानार हायत!" पंडित घाबरून म्हणाला.

त्याच्या घाबरण्याला कारण होतं. जपानात कापूस पिकत नाही, पण तिथं गिरण्या पुष्कळ. आपल्याकडे काळी माती आणि कापूस भरपूर, पण विहिरींवर बसवायला इंजिनं पुरत नाहीत. म्हणून आपला कापूस तिकडे आणि त्यांची इंजिनं इकडे, असं ठरत होतं. नमुन्याचं एक इंजिन येऊनही पडलं होतं. पहिला माल पसंत पडला, तर ते शेजारच्याच, म्हणजे पंडितच्या विहिरीवर बसणार होतं. नाहीतर खोकं तसंच परत! आणि माल बघायला जपानी गिरणीकडून इशिदासाहेब आजच येणार होते.

"इंजन आलं की मोट सुटंल," पंडित हळूच म्हणाला. "पान्यावर गहू हुईल. मग भुजंगदादाला उसतोडीला जावं लागनार न्हाई. दिवाळी झाली की जातो, ते उन्हाळ्यातच येतो. आई लय रडती."

तिघं धावतच मामांकडे गेली. मामा एका हाताने टाय बांधत होते आणि दुसऱ्या हाताने रांगोळीवरची शेळी हाकलत होते.

"मामा, एका गासडीला ताप आलाय!"

"मग डॉक्टरला बोलवा!" मामा हसले. "पोरांनो, साहेब यायची वेळ झाली. गुदामात पाऊल टाकायचं नाही!"

"पण मामा, ती ओली..."

"ओली असेल तर वाळेल आपोआप!"

हे मामांचं ठरलेलं उत्तर होतं. कपडे भिजू देत, वह्या भिजू देत, मामा एवढंच म्हणत. ते आरशासमोर गेले आणि ओरडले, "अरे, माझं खोबरेल तेल! पार दगड झालंय!"

कावेरीचे डोळे चमकले. ती सुमंगलेच्या कानात कुजबुजली. सुमंगलेने बाटली उचलली. "मामा, मी आणते पातळ करून!"

तिघंही नाहीशी झाली. मामांनी अंगणातली मांडामांड उरकून एक बूट घातला न घातला, तोच सुमंगला गुदामाच्या दारातून बाहेर आली. बाटलीत तेल डुचमळत होतं.

मामांचा चेहरा पांढराफटक पडला. कापसाच्या गुदामात काडी ओढणाऱ्याला ते उभं करत नसत!

"गुदामात विस्तव पेटवलात?" एका पायात बूट घालून ते धावत सुटले. "आश्रुबा! बादल्या आण! जल्दी!"

प्रेसवरचे आश्रुबा बादल्या घेऊन धावले. पण आत ना धूर, ना जाळ. फक्त चिमी आळस देत होती.

"विस्तव नाही, मामा," कावेरी म्हणाली. "बाटली या गासडीला टेकवून ठेवली होती. आता हात लावून बघा ना!"

मामांनी हात लावला. मग शेजारच्या गासडीला लावला. मग पुन्हा पहिलीला. "आश्रुबा, पट्ट्या तोडा!"

लोखंडी पट्ट्या तुटल्या. गासडी फुगली आणि कोंदट, आंबूस वास सुटला. वरची रुई पांढरीशुभ्र होती, आतली मात्र पिवळट, चिकट आणि चांगलीच गरम!

"बोटीत महिनाभर राहिली असती, तर शेजारच्याही नासल्या असत्या," मामा पुटपुटले. "कोणी भिजवली ही?"

आश्रुबांनी डोकं खाजवलं. "सायेब, पाव्हना येनार म्हनून मागल्या आठवड्यात तुमी आगीच्या पंपानं आंगन धुतलं न्हाई का? तवा रुईच्या ढिगावर पानी उडालं. मी ईचारलं, तर तुमी म्हनले..."

"वाळेल आपोआप!" सुमंगला टाळ्या पिटत ओरडली.

मामा एका बुटावर तसेच उभे राहिले. तेवढ्यात फाटकाशी मोटारीचा भोंगा वाजला.

"सायेब, झाकून टाकू का?" आश्रुबांनी विचारलं.

पंडितने सुमंगलेचा हात घट्ट धरला. फुटकी गासडी दिसली, तर इंजिन चाललं परत!

मामांनी क्षणभर विचार केला. "नाही. उघडीच राहू द्या."

इशिदासाहेब बुटके आणि शांत होते. मामांनी त्यांना इंग्रजीत सगळं सांगितलं, अंगण धुतल्याचंसुद्धा! साहेबांनी नासकी रुई हुंगली. मग उरलेल्या सगळ्या गासड्यांना एकेक करून हात लावला. अधूनमधून रुई उपसून बोटांनी ताणून बघितली. पंडित नखं खात होता.

अखेर साहेब मामांकडे वळून काही बोलले. मामा पोरांना सांगू लागले. "ते म्हणतात, खराब माल सगळीकडेच निघतो, पण तो आपणहून दाखवणारे थोडे. बाकीचा माल त्यांना पसंत आहे. आणि पुढचाही पाहिजे!"

"मंजी... इंजन?"

"तुमच्याच विहिरीवर, पंडितराव!"

हे सगळं कोणी शोधलं, असं साहेबांनी विचारलं. मामांनी तिघांना पुढे केलं. "माझी पोरं! मी हसलो, पण ही हटली नाहीत. शास्त्र असं हाताने शिकावं!" साहेबांनी तिघांना कमरेत वाकून नमस्कार केला. सुमंगलेने चिमी वर धरली, तेव्हा तिलाही केला!

दुपारी खोकं फोडून इंजिन विहिरीवर आणलं. ते खोकलं, शिंकलं आणि टकटक करत चालू झालं. पाटात पाणी धो धो पडू लागलं. पंडितची आई काठावर उभी होती. तिने पाण्याला हात जोडले आणि म्हणाली, "पंडित, दादाला कळीव बाबा. म्हनावं, आवंदा गेलास ते गेलास, पुढल्या साली हितंच पानी धरायचं हाय."

तोवर तिन्ही पोरं पाण्याच्या धारेखाली चिंब झाली होती.

मामा हसत म्हणाले, "असू दे, वाळेल आप..."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"पळा घरी!" मामा ओरडले. "आधी कपडे बदला!"