खालच्या बाजूने

गोराझ्द म्हणजे माझे दाजी. चढताना दर चाळीस पावलांनी ते बुटाचा पट्टा घट्ट करतात. पट्टा सैल नसतो, दम लागलेला असतो. बारा हिवाळे मी हे पाहतो आहे आणि एकदाही बोलून दाखवायचं सोडलेलं नाही.

"दाजी, नवा पट्टा घ्या की एकदाचा."

"तू तुझं बघ. आणि लांब राहा माझ्यापासून."

बोहिन सरोवराच्या वरचा उतार. सकाळचं स्वच्छ ऊन. बर्फ घसरू शकेल असा उतार एकेकट्यानं ओलांडायचा, पहिला पलीकडे पोचल्याशिवाय दुसऱ्यानं स्की पुढे टाकायची नाही, हे आमचं ठरलेलं. पण पलीकडच्या कडेला पोचता पोचता दाजी पुन्हा पट्ट्याशी वाकले, आणि टोमणा नीट ऐकू जावा म्हणून मी वीस पावलं पुढे सरकलो.

पोटात बसेल असा धप्प आवाज झाला. माझ्या वर, उतारभर, एक रेघ उमटली. ती दाजींच्या मागून गेली आणि सगळा बर्फ मला घेऊन खाली निघाला.

थांबलो तेव्हा काळोख होता. बर्फ सिमेंटसारखा आवळलेला, बोट हलेना, गालांतही बर्फ. थुंकी सोडून पाहिली. ती ओठावरून नाकाकडे आणि नाकावरून कपाळाकडे गेली. म्हणजे पाय वर, डोकं जमिनीकडे. छातीवरचं यंत्र दाजींना माझी जागा दाखवेल, पण हवा पंधरा मिनिटांची. फार तर वीस.

मग उकरण्याचा आवाज आला. एकसारखा, बिनघाईचा. फावड्याचा नव्हे, हातांचा. मी ओंजळी मोजल्या. चाळीस झाल्या, साठ झाल्या, दाजी थांबेनात. तेव्हा लक्षात आलं, आवाज पायांकडून येतच नव्हता.

कपाळाकडून येत होता.

आधी कपाळ मोकळं झालं, मग डोळे. दिसलं काहीच नाही. पण समोरची जागा अफाट आहे एवढं कळलं, रिकाम्या चर्चमध्ये डोळे मिटूनही कळतं तसं. कुणीतरी अंगठ्यानं माझ्या तोंडातला बर्फ काढला. आधी एका गालातला, मग दुसऱ्यातला. भीती वाटली नाही. आपण फार लहान आहोत, एवढंच वाटलं.

मग बुटांवर फावडं वाजलं.

"आहेस का रे, मेल्या?" दाजी मला पायांना धरून ओढत होते आणि रडत होते. "अठ्ठेचाळीस मिनिटं! तुझ्या ताईला काय सांगायचं ते जुळवूनसुद्धा झालं होतं माझं!"

खड्ड्याच्या तळाशी, माझं डोकं होतं तिथे, हातभर रुंद काळं भोक होतं. मी घडलं ते सांगितलं. दाजी हसले नाहीत.

"खोली तरी बघू," मी म्हणालो.

त्यांनी तीन मीटरची घडीची शोधकाठी आत घातली. तळ लागेना. गारठलेल्या बोटांतून ती निसटली. पडल्याचा आवाज आला नाही.

आम्ही वाकून ऐकत राहिलो.

काठी वर आली. सावकाश, सरळ, दाजींच्या हाताला लागेल इतकी. आणि थांबली.

दाजींनी ती धरली. "फार उपकार झाले तुमचे," ते भोकात म्हणाले.

मग घडी घालायला काठी त्यांनी माझ्याकडे दिली. खालचे दोन तुकडे उबदार होते.