आतल्याचा होकार

विश्राम पाटकरांची मान हलायची. छातीतल्या दर ठोक्याला एकदा, जराशीच, पुढे. ठाण्याच्या डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला, मंदाकिनीला, सगळं समजावून सांगितलं होतं. लहानपणी सांधे सुजून ताप आला, त्यात हृदयाची झडप खराब झाली. आता ती धड उघडत नाही आणि धड मिटतही नाही. रक्त पुढे जाताना अडतं, गेलेलं पुन्हा मागे येतं. उपाय नाही, म्हणाले. गोष्ट सन बावन्नची, तेव्हा खरंच नव्हता.

घरात त्याचीही थट्टा चाले. "नवं लुगडं घेऊ का?" मंदाकिनी विचारायची आणि मान हलली की खूश व्हायची. विश्राम हसून म्हणायचे, "अगं, हो म्हणणारा मी नव्हे. ते आतलं आहे."

शेवटच्या दुपारी ते तक्क्याला टेकून बसले होते. आडवं होववत नव्हतं. "पाच मिनिटं शेजारी जाऊन येऊ ना?" तिने विचारलं. मान हलली, म्हणून ती गेली. परतली तेव्हा मान थांबली होती.

त्यानंतर तिला रडू आलं नाही. हातावर गरम चहा सांडला तोही कळला नाही. हो कोण म्हणालं, एवढंच डोक्यात राहिलं.

दहाव्याला सकाळी बाळकुमच्या खाडीवर पिंड ठेवले. कावळा लगेच आला, पण शिवेना. दगडावर बसून मान हलवत राहिला.

"दादा, वहिनींना अंतर देणार नाही," धाकटा दीर प्रभाकर हात जोडून म्हणाला.

कावळ्याने मान हलवली. शिवला मात्र नाही. ऊन चढलं. भटजी म्हणाले, "वहिनी, आता तुम्ही बोला."

मंदाकिनी पुढे झाली. चिखलाचा खारट वास येत होता. कावळ्याच्या मानेचा तो ठेका तिला पाठ होता. सात वर्षं ती त्याच ठेक्याच्या शेजारी झोपली होती.

"तुम्हीच ना?"

मान हलली.

"की... ते आतलं?"

मान हलली.

तिला भीतीसुद्धा वाटली नाही. हे संपावं, एवढंच वाटलं.

"जागा हवीय का त्याला?" ती अगदी हळू म्हणाली. "माझ्याकडे...?"

कावळ्याची मान थांबली. तो खाली उतरला, पिंडाला शिवला आणि उडून गेला. सगळ्यांनी हुश्श केलं.

परतताना टांग्यात धाकटी जाऊ सरोज शेजारी होती. घर आलं, प्रभाकर पैसे द्यायला उतरला. सरोज मात्र मंदाकिनीकडे बघतच राहिली.

"जाऊबाई," ती दबक्या आवाजात म्हणाली, "टांगा केव्हाचा थांबलाय... तुम्ही कुणाला हो म्हणताय?"